बंद घरांचा किनारा : कोकणात भाड्याने घर का मिळत नाही?

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी मुरूडमध्ये घर शोधत फिरत होतो. विकत नव्हे, भाड्याने. माझी मास्तरकी संपून दोन वर्षे झाली होती. पुण्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नाही. पत्नीचे दोन्ही गुडघे दुखरे. डॉक्टरांनी सांगितले, जिने बंद करा आणि सपाटीवर रोज चाला. पुण्यात सपाटी आहे, पण रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून ठरवले की एखाद्या लहान किनारी गावात जायचे. दूध, भाजी, मासळी, दवाखाना, मशीद, एसटी स्टँड हे सगळे पायी गाठता यावे आणि असरनंतर समुद्रापर्यंत फेरी मारता यावी, एवढीच अपेक्षा होती. विकत घेण्याइतकी पुंजी नव्हती आणि या वयात सात-बाराच्या भानगडीत पडायची हिंमतही नव्हती. तीन ते पाच वर्षांच्या कराराने एक बैठे घर मिळाले तरी पुरे होते.

पुण्यात घर बघताना नाव सांगितले की ‘घर कालच गेले’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ऐकले असेल. मुरूडला मुस्लिम वस्ती जुनी आणि मोठी. तिथे हा प्रश्न येणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

एका गल्लीत मी अकरा घरे मोजली. सहांना कुलूप होते. अंगणात सुक्या झावळ्यांचा खच, पडवीत तुटलेला झोपाळा, एका घराच्या कौलांतून पिंपळ वर आलेला. मशिदीत ओळख झालेल्या एका चाचांनी तीन मालकांचे फोन नंबर मिळवून दिले. पहिल्याने सांगितले, ‘आम्ही भाड्याने देत नाही.’ दुसऱ्याने विचारले, ‘शनिवार-रविवारसाठी हवे आहे का? त्याचा दर वेगळा.’ तिसरा कुवेतहून बोलत होता. अतिशय अदबीने बोलला आणि शेवटी म्हणाला, “सर, वाईट वाटून घेऊ नका. घर बंद राहिलेलं परवडतं. एकदा माणूस बसला की उठत नाही. आमच्या आजोबांची जमीन अशीच गेली.”

माणूस आपल्याच जमातीचा होता, त्याच मशिदीत नमाज पढत मोठा झालेला. इथे माझे नाव आड आले नव्हते. आड आली होती ती आजोबांची जमीन. घराच्या कुलपाचा आणि त्या जमिनीचा संबंध काय, हे शोधायला मी पुस्तकांकडे वळलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

पायी चालण्याचे गाव कसे घडले

मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ ही गावे आज पायी फिरण्याजोगी आहेत. कुणी नगररचनाकाराने ती तशी आखली नव्हती. ती बंदराभोवती वाढली. माल आणि माणूस समुद्रातून यायचा. धक्का नसेल तिथे आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला लागायचे. तिथून पुढे चालणे किंवा फार तर बैलगाडी. त्यामुळे बंदर, जकातीचे नाके, पेठ, कचेरी, मशीद, देऊळ, कोळीवाडा आणि मोहल्ला हे सगळे डोक्यावर ओझे घेऊन चालता येईल इतक्या अंतरातच वसले. मुरूड तर जंजिरा संस्थानाचे मुख्य ठिकाण. सिद्दी नवाबांचा वाडा टेकडीवर आणि त्याखाली किनाऱ्याला समांतर गाव.

पुढे रस्ते वाढले, आगबोटी मागे पडल्या आणि बंद झाल्या. मुंबई–गोवा महामार्ग पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण असा आतून गेला. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही बहुतांश आतूनच गेली. मुरूडच्या माणसाला आजही रेल्वेसाठी रोह्याला जावे लागते. विकासाच्या भाषेत ही गावे मागे राहिली. पण त्यामुळेच त्यांच्या पेठा रुंद झाल्या नाहीत आणि दुकाने घरांपासून लांब गेली नाहीत. ज्या गैरसोयीमुळे तरुण गाव सोडून गेला, तीच गैरसोय गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला आज सोय वाटते.

परक्याला जागा देणारा किनारा

कोकणी माणूस परक्याला घर देत नाही, असे मला पुण्यात अनेकांनी ऐकवले. इतिहास वेगळे सांगतो. अलिबागहून मुरूडला जाताना वाटेत चौल लागते. दहाव्या शतकातला अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, या बंदरात आला होता. तो त्याला ‘सैमूर’ म्हणतो. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले होते. ते इथे स्थायिक झाले, इथेच त्यांनी लग्ने केली. इथे जन्मलेल्या मुसलमानांसाठी तो ‘बयासिरा’ असा वेगळा शब्द वापरतो. राजा शिलाहार, धर्माने हिंदू. त्याने या लोकांचे व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. एक हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी माणसाला जागा मिळत होती आणि ती जागा कुणाच्या नियमाने चालायची हेही ठरलेले होते.

दाभोळची गोष्ट अशीच. बहमनी काळात हे मोठे बंदर होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बहमनी राज्यात फिरून परत निघाला तो दाभोळहूनच होर्मूझला. मुरूडजवळच्या जंजिऱ्यावर ज्यांनी राज्य केले ते सिद्दी मूळ आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले हबशी. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. म्हणजे या किनाऱ्यावर आलेला माणूस व्यापारी झाला, खलाशी झाला, राजाही झाला.

निवृत्तांचे गाव : दापोली

म्हातारपण काढायला कोकणात येणे हीसुद्धा नवी फॅशन नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर ब्रिटिशांनी दक्षिण कोकणासाठी दापोलीला लष्करी ठाणे वसवले. समुद्र तिथून पाच मैलांवर, पण उंचीमुळे हवा चांगली. पुढे मुख्य फौज हलली तरी उतारवयातल्या सैनिकांची तुकडी तिथे राहिली आणि पेन्शनर शिपायांची वस्ती वाढली. आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते यामुळे.

या पेन्शनरांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका त्यांनी काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ १८९० च्या दशकात निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीत राहिले, मग साताऱ्याला गेले. या लोकांकडे सरकारी पेन्शन होती, तरी मुलांना शाळेत बसू द्यावे म्हणून त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. महिन्याला ठरलेली रक्कम हातात असलेला माणूस एखाद्या गावात आला म्हणून ते गाव त्याला आपला मानेलच असे नाही, हे दापोलीने तेव्हाच दाखवले होते. पण पेन्शनरांमुळे गावात काय येते हेही तिने दाखवले. शाळांची मागणी, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रे आणि अन्यायाविरुद्ध लिहिणारे हात त्या कॅम्पातून आले.

घराला कुलूप कधी लागले

आता मोहल्ल्याकडे येऊ. कोकणी मुसलमानांत सारंग, तांडेल, नाखुदा ही आडनावे अजून आहेत. ही सगळी जहाजावरची कामे. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटी सुरू झाल्या तेव्हा डेकवरच्या कामासाठी रत्नागिरी-कुलाब्याचे खलाशी मुंबईत भरती होऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही कुटुंबे थेट केप टाऊनला गेली, काही पूर्व आफ्रिकेत. मुंबईत गावोगावच्या जमातींच्या खोल्या होत्या. जहाज मिळेपर्यंत गावचा माणूस तिथे वळकटी टाकायचा. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाताचा रस्ता उघडला. मग कौलारू घराशेजारी स्लॅबचे घर उभे राहिले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. कमावायचे बाहेर, घर बांधायचे गावात आणि म्हातारपणी तिथे परतायचे. म्हणजे कोकणात निवृत्तीचे घर स्वतःचेच असायचे. भाडे द्यायची आणि घ्यायची सवय या गावांना लागलीच नाही. पाहुणा आला तर त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतात आणि राखणीला ठेवलेला नातेवाईक पैसे देत नाही. या दोहोंच्या मधला, महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन राहणारा माणूस मोहल्ल्याच्या ओळखीचा नव्हता.

पूर्वी एक पिढी जायची तेव्हा दुसरी परतलेली असायची. दादी घरात असायची, सुना असायच्या. आता मुले दुबईहून परततात ती मुंब्रा, पनवेल किंवा पुण्याला, नातवंडांच्या शाळेसाठी. दादी गेली की घराला कुलूप लागते. ईदला उघडते, लग्नाला उघडते आणि पुन्हा बंद होते.

आजोबांची जमीन

घर रिकामे का आहे हे कळले, पण ते भाड्याने का देत नाहीत हे अजून कळले नव्हते. कुवेतच्या मालकाच्या वाक्याचा अर्थ इथे लागतो.

कोकणात खोती होती. खोत सरकारचा सारा गोळा करून द्यायचा आणि कुळांकडून त्याहून बरेच जास्त वसूल करायचा. खोतांमध्ये हिंदू होते तसे मुसलमानही होते. या पद्धतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

हे न्यायाचे काम होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिढ्यान्पिढ्या ज्याने चिखलणी केली त्याला जमीन मिळाली. पण जी कुटुंबे समुद्रावर गेली होती आणि ज्यांची दोन-चार बिघे जमीन शेजारी कसत होता, त्यांचीही जमीन त्यात गेली. त्या घरांमध्ये हा इतिहास न्यायाचा म्हणून सांगितला गेला नाही. ‘आपण नव्हतो म्हणून गेली’ असा सांगितला गेला. जो बाहेरगावी कमावतो त्याला ही गोष्ट जास्त झोंबते.

त्याच काळात शहरातून दुसरी बातमी येत होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्ध आणि फाळणीनंतर मुंबईत जागेची भयंकर टंचाई होती, भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत पन्नास वर्षे राहिला. भाडेकरू वारसाहक्काने राहू लागले, पागडी आली, मालकांनी डागडुजी सोडली. मुंबईतल्या जमातीच्या खोलीत राहणाऱ्या कोकणी माणसाने हे रोज पाहिले.

कुळकायदा शेतजमिनीचा आणि भाडेकायदा इमारतींचा. दोन्ही वेगळे. पण गावाकडे परतलेल्या माणसाच्या मनात ते एक झाले आणि एकच वाक्य उरले : बसला की उठत नाही. आजोबांनी हे बापाला सांगितले, बापाने मुलाला. कायदे बदलले, वाक्य तेच राहिले.

कायदा आज काय म्हणतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मालकाच्या भीतीला उत्तर देणारी दोन कलमे त्यात आहेत. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते. न सोडल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. मालकाला कारण सिद्ध करावे लागत नाही. मुदत संपली, एवढेच कारण पुरेसे असते.

कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. आपल्याकडे मात्र ‘ओळखीचा आहे, कागद कशाला’ असे म्हणून तोंडी ठेवतात, किंवा अकरा महिन्यांचा कागद करून तो कपाटात टाकतात. ज्याची भीती वाटते तेच संकट या सवयीने ओढवते. हा करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. म्हणजे मालकाची भीती आणि आमच्यासारख्यांची गरज दोन्ही एका कागदात बसू शकतात.

कुलपाची किंमत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौले उडाली. चाचा सांगत होते, “ज्या घरात माणूस होता त्याने दुसऱ्या दिवशी ताडपत्री टाकली. बंद घरांत सगळा पावसाळा आत गेला.” कौलारू घर दर वर्षी शाकारावे लागते. फुटके कौल वेळेवर बदलले नाही की पाणी वाशात मुरते, मग वाळवी येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत आढे खचते. कुवेतच्या मालकाला वाटते तसे बंद घर परवडत नाही, त्याचा हिशेब फक्त उशिरा हातात येतो.

नुकसान एका घराचे नसते. गल्लीत माणसे कमी झाली की किराणावाला दुकान मुख्य रस्त्याला हलवतो, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागतो, फजरला एक सफ पुरी होत नाही. पायी चालण्याचे गाव टिकायला पायी चालणारी माणसे लागतात. शनिवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा पैसे देतो, पण सोमवारी कोळणीकडून मासळी घेत नाही.

आमचे घर

चौथ्या फेरीत घर मिळाले. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. मालकीण सत्तरीच्या, सारी गल्ली त्यांना फुफू म्हणते. मुले मुंबईला आणि दोह्याला. त्यांनी आधी नकारच दिला होता. मी कलम २४ आणि ५५ मराठीत एका कागदावर लिहून दिली आणि म्हणालो, “फुफू, हे मुलांना वाचून दाखवा. मी निघालो नाही तर काय करायचं ते यात आहे.” त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, तुम्हाला काढायचा कागद तुम्हीच लिहून देताय?”

छत्तीस महिन्यांचा करार झाला आणि नोंदला गेला. त्यात फुफूंनी एक अट स्वतः घालायला लावली. मृगाआधी शाकारणी करून घ्यायची, खर्च त्यांचा आणि माणसे बघून उभे राहायची जबाबदारी माझी. यंदा मी ती पार पाडली. बत्तीस कौले बदलली. पत्नी रोज सकाळी काठी घेऊन बाजारात जाते. जायला बारा मिनिटे लागतात आणि यायला पंचवीस, कारण वाटेत प्रत्येक उघड्या दारात थांबावे लागते.

गेल्या आठवड्यात कुवेतहून फोन आला. तोच मालक. आधी आमची खुशाली विचारली, मग हळूच म्हणाला, “सर, फुफूचा करार कुणी करून दिला? त्या वकिलांचा नंबर मिळेल का?” मी नंबर दिला. आणि त्याच्या घराच्या कौलांत वाढलेल्या पिंपळाचा फोटोही पाठवला.